चौकशीच्या खिडकीतलं वाक्य

१४ मार्च १९८३, सोमवार. दुपारी साडेतीनला लेखकाच्या हातात अठरा हजार पाचशे रुपयांचा चेक पडला. एका कादंबरीचे चित्रपटाचे हक्क आणि त्याच चित्रपटाचे संवाद लिहिण्याचं मानधन, दोन्ही मिळून. तो विमा कंपनीच्या दावे विभागात कारकून होता आणि पगार होता महिना नऊशे चाळीस. म्हणजे जवळजवळ वीस महिन्यांचा पगार एका कागदावर आला होता. चेक खिशात ठेवून तो उरलेला दिवस टेबलावर बसला, तीन दावे तपासले, आणि तिन्हींवर तारीख चुकीची घातली.

ऑफिसात त्याला ‘कादंबरीवाले’ म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टोला जास्त असे. साहेब एखादी फाइल पुढे सरकवून म्हणायचे, “कादंबरीवाले, हा माणूस खरंच मेलाय ना? की तुमच्या पुस्तकातल्यासारखा नुसता उसासे टाकतोय?” सगळा विभाग हसायचा. तोही हसायचा. पहाटे पाचला उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठपर्यंत लिहायचं, मग आंघोळ करून ऑफिस, असं त्याचं सतरा वर्षं चाललं होतं. त्यातून चार कादंबऱ्या झाल्या होत्या. तिसरीच्या अकराशे प्रती छापल्या, त्यातल्या साडेसहाशे चार वर्षांत गेल्या. बाकीच्या प्रकाशकाच्या गोदामात होत्या. प्रकाशक भेटला की म्हणायचा, “तुमच्या पुस्तकांवर आमचा पंखा उभा आहे. ती हलवली तर पंखा पडेल.”

चित्रपटवाल्यांनी घेतली ती हीच तिसरी कादंबरी. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्या एका कारकुनाची. आणि हा कारकून म्हणजे लेखकाचा सख्खा मोठा भाऊ, दादा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दादाबद्दल आधी सांगायला हवं.

दादा लहानपणी बोलताना अडखळायचा. साधंसुधं नाही. ‘प’ आला की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. ‘क’ आला की मान ताठ व्हायची. वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, “बाबा कुठेत?” आणि दादा “प-प-प” करत उभा राहायचा. वडील प्रेसमध्ये गेलेत एवढंच सांगायचं असायचं. गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं आणि वडील आल्यावर दादाला बोलणी बसायची.

दादा बारा वर्षांचा असताना त्याला एक गोष्ट सापडली. सुरुवातीला “आता असं बघा हं,” एवढं म्हटलं की पुढचा शब्द घसरगुंडीवरून यावा तसा सरळ बाहेर यायचा. का, ते त्यालाही कळलं नाही. ‘आ’ला ओठ अडत नाहीत, आणि शेवटच्या ‘हं’मध्ये श्वास सुटतो, एवढाच काय तो प्रकार. पण तो त्याने स्वतः शोधून काढला होता. गच्चीवर पाण्याच्या टाकीकडे तोंड करून तो सराव करायचा. धाकटा, म्हणजे पुढे लेखक झालेला छोटू, तेव्हा आठ वर्षांचा. तो हातात वही घेऊन बसायचा. वहीत अवघड शब्दांची यादी. दादाने शब्द न अडता म्हटला की छोटू त्यापुढे बरोबरची खूण करायचा.

“पाच पंचावन्न.”

“नुसतं नाही, वाक्य लावून म्हण.”

“आता असं बघा हं, पाच पंचावन्न.”

बरोबरची खूण.

दीड महिन्यात यादी संपली. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला दादाने पहिल्यांदा न अडखळता उत्तर दिलं, तेव्हा वडिलांनी हातातला बांधणीचा दोरा खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. त्या वाक्याचा उपयोग काय, हे तेव्हा जगात दोनच माणसांना माहीत होतं. वडिलांना वाटलं, मुलगा सुधारला. वहिनीलासुद्धा लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं ती फक्त नवऱ्याची बोलायची सवय वाटत होती.

आणि गंमत बघा, नोकरी मिळाली ती बोलण्याची. बसस्थानकाची चौकशी खिडकी. दिवसाला चारपाचशे माणसं. “पाच पंचावन्नची गाडी लागली का?” “आता असं बघा हं, पाच पंचावन्न आज पाच क्रमांकाच्या फलाटाला लागेल.” नेहमीचे प्रवासी ते वाक्य ऐकूनच निम्मे शांत व्हायचे. कुणाची गाडी चुकली, तर दादाचं ‘हं’ थोडं लांबायचं, आणि तेवढ्यावरच माणसाला वाटायचं, चला, पुढची मिळेल.

लेखकाने कादंबरी लिहिली ती यावरच. दोनशे बारा पानांत ते वाक्य चार वेळा आलं होतं. पहिल्यांदा ते येतं तेव्हा वाचकाला गच्ची, टाकी, वही सगळं माहीत झालेलं असतं. दादाने पुस्तक तीन दिवसांत वाचलं. मग त्याला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, वडिलांच्या हाताची सफाई त्याच्यातही उतरली होती, आणि वेळापत्रकाच्या खाली खिडकीच्या खणात ठेवून दिलं. “बरं लिहिलंयस,” एवढंच म्हणाला. महिन्याभराने म्हणाला, “त्या माणसाची बायको मात्र तुझ्या वहिनीपेक्षा गरीब दाखवलीस. पुस्तकात बरी दिसते, पण खरं नाही ते.”

असो. चित्रपटाकडे येऊ.

त्या धंद्यात एक पद्धत आहे. कादंबरी कुणी वाचत नाही. लेखकाने जायचं, निर्मात्यासमोर बसायचं, आणि गोष्ट तोंडाने ऐकवायची. दोन तास. पात्रांचे आवाज काढून, उठून, बसून, रडून. लेखकाला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. निर्मात्याच्या ऑफिसात पाच माणसं होती. निर्माता, दिग्दर्शक, पैसे लावणारा एक लाकडाचा व्यापारी, व्यापाऱ्याचा मेहुणा, आणि चहा आणणारा माणूस, जो चहा देऊन तिथेच उभा राहिला. लेखकाने खालच्या आवाजात सुरुवात केली. अर्ध्या तासात व्यापाऱ्याने दोनदा घड्याळ पाहिलं. मेहुणा जांभई दाबत होता. ऑफिसात जसे दावे नाकारले जातात, तसंच हेही नाकारलं जाणार, असं लेखकाला वाटायला लागलं.

तेवढ्यात गोष्टीत खिडकी आली. लेखकाच्या तोंडून नकळत दादाचा आवाज निघाला. “आता असं बघा हं…”

चहावाला फिसकन हसला. मग मेहुणा. मग व्यापारी असा हसला की त्याची खुर्ची करकरली.

ज्याच्या लिहिण्यावर सतरा वर्षांत कुणी मोठ्याने हसलं नाही की मोठ्याने रडलं नाही, त्या माणसाला एका खोलीतल्या पाच माणसांनी एकदम दाद दिली, तर काय होतं ते सांगायला नको. त्याने ते पुन्हा म्हटलं. मग मान थोडी वाकडी करून म्हटलं. मग जिथे ते नव्हतंच, तिथेही घातलं. दोन तासांत सात वेळा. आणि गच्ची, टाकी, अडखळणं, ते सगळं प्रकरण त्याने गाळलं. कुणी गाळा म्हणालं नव्हतं. त्याचं त्यालाच वाटलं, आता रडकं काही सांगितलं तर रंगाचा बेरंग होईल.

“हे ठेवा,” निर्माता डोळे पुसत म्हणाला. “बाकी गोष्ट बदलली तरी चालेल. हे वाक्य ठेवा.”

दहा दिवसांनी करारनामा आला. लेखक दिवसभर दुसऱ्यांच्या पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचणारा माणूस. त्याने करारनामा वाचला नाही, असं म्हणायची सोय नाही. सातवं कलम असं होतं: कथेतील पात्रे, त्यांची नावे, लकबी व बोलण्याच्या पद्धती यांचे सर्व हक्क निर्मात्याकडे राहतील व पुढील कोणत्याही चित्रपटात वापरता येतील. लेखकाने त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि निर्मात्याला विचारलं, “याचे वेगळे काही?”

“किती म्हणता?”

“पाचशे.”

“लिहा,” निर्माता म्हणाला. आधी ठरले होते अठरा हजार. वरचे पाचशे ते हे.

घरी बायकोने चेक दोन्ही बाजूंनी पाहिला. ती शाळेत गणित शिकवायची. “गोल आकडा का नाही?” तिने विचारलं.

“काही बारीकसारीक हक्क असतात,” तो म्हणाला.

“असतात म्हणजे? कसले?”

“अगं, कायद्याच्या भाषेत असतं काहीबाही.”

तिने विषय सोडला. गणिताची बाई शिल्लक राहिलेला आकडा विसरत नाही, तो बाजूला लिहून ठेवते.

चित्रपट लागला तो १० फेब्रुवारी १९८४ला, शुक्रवारी. पहिल्या खेळाला निर्मात्याने चौदा पास दिले होते. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला. बसस्थानकावरच्या चार सहकाऱ्यांनाही त्याने आणलं होतं. “माझ्यावरचं आहे,” असं त्यांना सांगून. तो लेखकाच्या शेजारीच बसला.

पडद्यावरचा कारकून जाड होता, त्याची टोपी वाकडी होती, आणि तो प्रत्येकाला चुकीच्या गाडीत बसवून द्यायचा. गंभीर प्रसंगातही, कुणाची आई गेली तरी, तो खिडकीतून डोकं बाहेर काढून स्वतःचा कान ओढत म्हणायचा, “आता असं बघा हंऽऽ…” सबंध थिएटर कोसळायचं. एकतीस वेळा. लेखकाने ते एकतीसही वेळा कागदावर स्वतः लिहिलं होतं. पण कागदावर ती चार चार शब्दांची एकतीस वाक्यं होती. इथे दादाचा हात त्याच्या हाताला लागत होता. विसाव्या वेळेनंतर दादाने हात खुर्चीवरून काढून मांडीवर घेतला.

बाहेर आल्यावर सहकाऱ्यांपैकी एकाने दादाच्या पाठीवर थाप मारली. “काय राव, सिनेमात गेलात! म्हणून दाखवा ना एकदा.”

दादा हसला. “हसले लोक,” लेखकाकडे बघून म्हणाला. “ब-बरं झालं.”

तो ‘ब’ लेखकाने ऐकला. तीस वर्षांत पहिल्यांदा. गर्दीत दुसऱ्या कुणाच्या तो लक्षात आला नाही. लेखकाने पुढे आलेल्या निर्मात्याचा हात हातात घेतला आणि तिकडे वळला.

चित्रपट पंचवीस आठवडे चालला. त्यानंतर काय झालं, ते लेखकाला तुकड्यातुकड्याने कळलं, कारण तो त्या रस्त्याने जायचाच बंद झाला. ऑफिसला जाताना बसस्थानक लागायचं, तर तो पुलाकडून वळसा घालून जायला लागला. बायको म्हणाली, “हा काय नवीन रस्ता?” “चालणं होतं,” तो म्हणाला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सांगितलं ते वहिनीने. एका रविवारी ती एकटीच आली. चहाचा कप तिने बराच वेळ नुसता हातात धरला.

“भावजी, कॉलेजची मुलं येतात खिडकीवर. गाडीबिडी काही विचारायची नसते. रांगेत उभी राहतात, नंबर आला की म्हणतात, ‘काका, म्हणा ना.’ हे बोलायच्या आधीच मागची सगळी ओरडतात, आता असं बघा हं! मग हे ते वाक्य घेतच नाहीत. आणि वाक्य घेतलं नाही तर…”

“तर काय?” लेखकाने विचारलं. त्याला माहीत होतं काय ते.

“अडतं. मी काही तुमचं पुस्तक वाचलेलं नाही, मला आत्ता कळलं हो, एवढ्या वर्षांनी. परवा एक म्हातारी उभी होती. पाच पंचावन्न कुठे लागते म्हणून. हे नुसते प-प-प करत राहिले, तिची गाडी निघून गेली. ती काही बोलली नाही बिचारी. हे घरी येऊन जेवले नाहीत.” तिने कप खाली ठेवला. “आता पुठ्ठ्याची कार्डं केलीत. वेळा लिहून. कुणी विचारलं की कार्ड वर धरतात. मॅनेजर म्हणाला, मुका बसवलाय का आम्ही खिडकीत?”

“दादा काय म्हणतो? माझ्याबद्दल?”

“तुमच्याबद्दल? काही नाही. मीच एकदा बोलले रागात. तर मलाच ओरडले. त्यात छोटूचा काय दोष, त्याने पुस्तकात नीट लिहिलंय, सिनेमावाल्यांनी नासवलं. असं म्हणाले.”

लेखकाने त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. त्याने उघडलं, आणि म्हणाला, “हो ना. सिनेमावाले असेच.”

वहिनी गेली. बायको आतून सगळं ऐकत होती. ती हात पुसत बाहेर आली.

“ते वरचे पाचशे कसले, सांगा आता.”

त्याने सांगितलं.

“शब्द किती त्या वाक्यात?”

“चार.”

“म्हणजे शब्दाला सव्वाशे. अख्ख्या पुस्तकाचे प्रकाशकाने किती दिले होते?”

“तेराशे.”

“मग भाव चांगला आला,” ती म्हणाली आणि आत गेली. पुढे ती या विषयावर कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुष्कळदा वाटलं.

पुढच्या वर्षी दादाची बदली पार्सलखोलीत झाली. खिडकी नाही, माणसं नाहीत, खोकी आणि पावत्या. चौकशी विभागाचा प्रमुख म्हणून त्याचं नाव लागायचं होतं, ते त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेल्या माणसाचं लागलं.

आणि लेखकाचं बरं चाललं होतं. तेच तर अवघड होतं. चित्रपट गाजल्यावर आणखी तीन मिळाले, मग पाच. त्याने विमा कंपनी सोडली. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, “कादंबरीवाले, आता तुम्ही दावे करा, आम्ही नाकारतो.” नवी जागा घेतली, लिहायला वेगळी खोली, खिडकीजवळ टेबल. फक्त कादंबरी काही होईना. पहाटे पाचला तो उठायचा, कागद पुढे घ्यायचा, माणूस मनात यायचा, त्याचा चेहरा, चालणं सगळं दिसायचं. पण तो माणूस बोलायला लागला की लेखक पेन खाली ठेवायचा. हे कुणाचं बोलणं? कुठून उचललं? संवादांचं तसं नव्हतं. तिथे माणसं नव्हतीच, नट होते.

१९८७च्या ऑगस्टमध्ये निर्मात्याचा फोन आला. “दुसरा भाग काढतोय. तोच कारकून. या खेपेला त्याचं लग्न. तुम्हीच लिहायचं. चाळीस हजार.”

“मी नाही लिहिणार,” लेखक म्हणाला. “आणि तो कारकून तुम्हीही घेऊ नका. विनंती आहे.”

“का हो?”

लेखकाने कारण सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी पूर्ण सांगितलं. निर्माता वाईट माणूस नव्हता.

“हे तुम्ही तेव्हा सांगायचंत ना,” तो म्हणाला. “त्या दिवशी खोलीत. आम्ही काय राक्षस आहोत? अडखळणारा माणूस म्हटल्यावर आमचा व्यापारी तर रडलाच असता. तो रडायला आला की पैसे जास्त देतो. आता मी तारखा घेतल्यात, नट बांधलाय. आणि हक्क माझ्याकडे आहेत. सातवं कलम. तुम्हीच रेघ ओढली होतीत खाली.”

“ते पाचशे मी परत देतो.”

“पाचशेने काय होणार आता?” निर्माता म्हणाला, आणि ते खरंच होतं.

दुसरा भाग दुसऱ्याने लिहिला. त्याच्या जाहिराती बसस्थानकाच्या भिंतीवर लागल्या. जाड कारकून, ओढलेला कान, आणि वर मोठ्या अक्षरांत ते चार शब्द. लेखकाला पुलावरून जातानासुद्धा त्या दिसल्या. त्या संध्याकाळी तो वळसा न घालता सरळ दादाच्या घरी गेला.

दादा नुकताच कामावरून आला होता. हाताला पार्सलच्या लाखेचे डाग होते, ते तो रॉकेलच्या बोळ्याने पुसत होता. वहिनीने दार उघडलं आणि दोघांकडे पाहून ती तिथेच दारात उभी राहिली.

“दादा, जाहिरात बघितलीस?”

दादाने मान हलवली. पाहिली होती.

“मी लिहिलेला नाही तो. नाही म्हणालो.”

दादाने हाताने खूण केली, बस. लेखक बसला नाही.

“पण पहिला मीच लिहिला. आणि तुला वाटतं ना, सिनेमावाल्यांनी ते अडखळणं काढून टाकलं? त्यांना ते माहीतच नव्हतं. मी सांगितलं नाही. गोष्ट ऐकवताना मीच गाळलं. ते हसत होते म्हणून.”

रॉकेलचा बोळा दादाच्या हातात थांबला.

“तू?”

“हो.”

“तू क-क…” मान ताठ झाली. वहिनी एक पाऊल पुढे आली आणि थांबली. लेखकाला ओळीतला पुढचा शब्द माहीत होता. त्याने तो पुरा करून दिला नाही. एवढं तरी त्याने केलं. “…काढलंस?”

“हो. आणि त्या वाक्याचे पाचशे वेगळे मागून घेतले.”

दादा उठला, आत गेला, नळ सोडल्याचा आवाज आला. तो साबणाने हात धूत होता, आणि ते बराच वेळ चाललं होतं. वहिनी हळूच म्हणाली, “भावजी, हे तुम्ही सांगायला नको होतं. त्यांना एवढाच आधार होता, की त्यात तुम्ही नव्हतात.”

“माहीत आहे.”

“मग सांगितलंत कशाला? तुमचं ओझं उतरावं म्हणून?”

उतरलं काहीच नव्हतं.

दादा बाहेर आला. हात ओलेच होते. त्याच्या चेहऱ्यावर राग असेल असं लेखकाला वाटलं होतं, तो असता तर सोपं गेलं असतं. दादाने त्याच्याकडे पाहिलं, ते लहानपणी गच्चीवर यादीतला पुढचा शब्द विचारताना बघायचा तसं. मग तो सावकाश बोलला. मधेमधे अडत होता, ते सगळं इथे लिहीत नाही.

“तू लेखक आहेस ना? मग मला दुसरं दे.”

“दुसरं काय?”

“वाक्य. ते गेलं. आता मी ते म्हणू शकत नाही. दुसरं दे. तेवढं तर तुला येतं.”

एवढे चित्रपट लिहिलेला माणूस. एका नटाने तर त्याच्या संवादांसाठी मानधन कमी करून घेतलं होतं. लेखक त्याच रात्री घरी जाऊन लिहायला बसला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बसला, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या टेबलाशी. ओठ न मिटता सुरू होणारे शब्द, शेवटी श्वास सुटणारे. “ऐका, सांगतो हं.” “अहो, आत्ताच कळलं.” “असं म्हणूया का.” चार वाक्यं घेऊन तो रविवारी दादाकडे गेला. दादाने एकेक म्हणून पाहिलं. पाच पंचावन्नपाशी चारही अडली.

पुढच्या रविवारी आणखी तीन. त्यातलं एक, “ओ, असं आहे होय,” पार्सलखोलीत तीन दिवस चाललं. वहिनीने फोन करून कळवलं, आवाजात आनंद होता. चौथ्या दिवशी दादाने ते सोडून दिलं.

“का रे? चाललं होतं ना?”

“चालतं,” दादा म्हणाला. “पण बोलताना वाटतं, कुणीतरी लिहून दिलंय. तुझी वाक्यं पुरी असतात, छोटू. ती संपतात. मला अर्धं पाहिजे. त्याच्या पुढे मला जायचंय.”

लेखकाने अर्धी वाक्यं लिहून पाहिली. ती अर्धी वाटायची नाहीत, तोडलेली वाटायची. आईबद्दल, दुकानाबद्दल, वडिलांच्या गोंदाच्या भांड्याबद्दल जे आठवलं त्यातून काही निघतं का, तेही पाहिलं. वर्षं गेली. दादा पार्सलखोलीतूनच निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभात त्याला चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं गहिवरून आलं.

आता बाहेर तो फारसा बोलत नाही. घरी बोलतो, अडत अडत, आणि वहिनी थांबून ऐकते. लेखकाची कादंबरी तिसऱ्या आवृत्तीत आहे, तिच्यात वाक्य चारच वेळा येतं, आणि नव्या वाचकांना त्या जागी हसू येतं, कारण त्यांनी चित्रपट आधी पाहिलेला असतो. प्रस्तावना लिहून त्याबद्दल खुलासा करा, असं प्रकाशक म्हणाला. लेखकाने नाही म्हटलं. खुलासा दादापाशी करायचा होता, तो करून झाला होता.

रविवार अजून चालू आहेत. लेखक सकाळी दहाला जातो, एक कागद बरोबर असतो किंवा नसतो. दादा चष्मा लावतो, कागद वाचतो, ओठ हलवून पाहतो, आणि बाजूला ठेवतो. मग ते क्रिकेटचं, गुडघ्यांचं, विजेच्या बिलाचं बोलतात.

आजपर्यंत सोळा वाक्यं दिली. एकही टिकलं नाही. दादाला एक वाक्य देणं बाकी आहे.